विश्लेषण : घरी केलेल्या खजूर-शेंगदाणा बारमध्ये साखर खरंच कमी असते का? वसईच्या सुकेळीचं उदाहरण काय सांगतं?

मिक्सरमध्ये बिया काढलेला खजूर फिरवायचा, त्यात भाजलेले शेंगदाणे आणि बदाम घालायचे, ताटात थापून फ्रीजमध्ये ठेवायचं आणि अर्ध्या तासाने वड्या पाडायच्या. ‘साखर नाही, मैदा नाही, प्रिझर्व्हेटिव्ह नाही’ अशा ओळीसह फिरणाऱ्या या रील्स पाहून अनेक घरांत असे बार होऊ लागले आहेत. वसई-विरारसारख्या शहरात त्यांचा उपयोगही आहे. पहाटे घर सोडून विरार लोकलने मुंबई गाठणाऱ्यांना डब्याशिवाय आणखी काहीतरी सोबत लागतं. असे बार घरून विकणाऱ्यांचीही संख्या कमी नाही. पण ‘साखर नाही’ हा दावा कितपत खरा? घरून विकताना पाकिटावर काय लिहावं लागतं? आणि ज्या वसईत फक्त फळापासून केलेला असाच पदार्थ दीडशे वर्षांहून जुना आहे, तिथे तो दिसेनासा का होतो आहे?

घरगुती बारची चर्चा आताच का?

त्याची सुरुवात पाकिटांवरच्या अविश्वासातून झाली. एप्रिल २०२३ मध्ये रेवंत हिमतसिंगका या इन्फ्लुएन्सरने बोर्नव्हिटामधल्या साखरेवर केलेला व्हिडिओ देशभर पाहिला गेला. कंपनीच्या कायदेशीर नोटिशीनंतर त्याने तो काढला, पण तोवर पाकीट उलटून मागची बारीक अक्षरं वाचण्याची सवय अनेकांना लागली होती. एप्रिल २०२४ मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने (एफएसएसएआय) ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या गटात दाखवू नका, असं बजावलं. जून २०२४ मध्ये फळांच्या रसावरचा ‘१०० टक्के फ्रूट ज्यूस’ हा दावा काढायला सांगितलं.

याच दरम्यान, मे २०२४ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीयांसाठी आहाराच्या नव्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. देशातल्या एकूण आजारभारापैकी ५६.४ टक्के भार चुकीच्या आहारामुळे असल्याचा अंदाज त्यात होता. लेबल वाचा, साखर आणि अतिप्रक्रिया केलेले पदार्थ कमी करा, असा सल्लाही होता.

बाजारालाही ही हवा कळली होती. २०२३ मध्ये आयटीसीने ‘योगा बार’ हा ब्रँड असलेली कंपनी घेण्याचा व्यवहार जाहीर केला. म्हणजे एकीकडे मोठ्या कंपन्या ‘आरोग्यदायी’ बारमध्ये उतरत होत्या आणि दुसरीकडे ग्राहक ‘त्यापेक्षा घरीच करू’ म्हणत होता. आपल्याकडे शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याची वडी, डिंकाचे आणि खजुराचे लाडू पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहेत. बार हे त्यांचंच चौकोनी रूप. फरक इतकाच की लाडू गोड म्हणून खाल्ला जातो आणि बार ‘हेल्दी’ म्हणून. त्यामुळे लाडू खाताना ठेवलेलं भान बार खाताना सुटतं.

‘साखर नाही’ म्हणजे नेमकं काय नाही?

बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच, की डब्यातली पांढरी साखर घातलेली नाही. पण बार चिकटून राहण्यासाठी काहीतरी गोड आणि चिकट लागतंच. चिक्कीत ते काम गुळाचा पाक करतो. कंपनीच्या बारमध्ये ग्लुकोज सिरप किंवा मध असतो. घरगुती बारमध्ये खजूर, अंजीर किंवा मनुका असतात.

शंभर ग्रॅम खजुरात जातीनुसार साधारण ६० ते ७० ग्रॅम साखर असते. मधात सुमारे ८० ग्रॅम. गूळ तर जवळपास पूर्ण साखरच आहे, सोबत थोडी खनिजं. त्यामुळे ‘साखरेऐवजी गूळ’ किंवा ‘साखरेऐवजी मध’ या बदलाने चव बदलते, साखरेचा हिशेब फारसा बदलत नाही. खजुराची बाजू थोडी वेगळी आहे. त्यात तंतू म्हणजे फायबर असतं, पोटॅशियम असतं, आणि तो अख्खा खाल्ला तर चावून खावा लागतो.

इथे एक महत्त्वाचा फरक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं, की दिवसभराच्या ऊर्जेपैकी १० टक्क्यांपेक्षा कमी, आणि जमल्यास ५ टक्क्यांपेक्षा कमी ऊर्जा ‘मुक्त साखरे’तून यावी. मुक्त साखर म्हणजे वरून घातलेली साखर, तसंच मध, सिरप आणि फळांच्या रसातली साखर. अख्ख्या फळातली साखर त्यात धरली जात नाही. ब्रिटनमधली व्याख्या आणखी एक पाऊल पुढे जाते. तिथे अख्खं सुकं फळ मुक्त साखरेत मोजत नाहीत, पण त्याच फळाची पेस्ट केली की तिच्यातली साखर मोजतात. कारण वाटताना फळाच्या पेशी फुटतात आणि आतली साखर मोकळी होते.

आंतरराष्ट्रीय अन्न मानकं ठरवणाऱ्या कोडेक्सचे नियमही याच दिशेचे आहेत. साखरेची जागा घेणारा घटक, उदाहरणार्थ सुक्या फळाची पेस्ट, वापरला असेल तर ‘साखर घातलेली नाही’ असा दावा करता येत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. अन्नपदार्थांची जाहिरात आणि दावे यांविषयीचे भारताचे २०१८ चे नियम याच धर्तीवर आहेत. म्हणजे खजूर वाटून केलेल्या बारवर ‘नो ॲडेड शुगर’ लिहिणं ऐकायला बरोबर वाटलं, तरी नियमाच्या कसोटीवर ते अडचणीचं आहे.

एका बारमध्ये साखर किती, हे घरी कसं काढायचं?

त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि साधी बेरीज पुरते. रील्समध्ये दिसणाऱ्या कृतीसारखं एक प्रमाण घेऊ. बिया काढलेला खजूर २०० ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे १०० ग्रॅम, भाजलेले तीळ ४० ग्रॅम आणि कोरडे भाजलेले ओट्स ६० ग्रॅम. एकूण ४०० ग्रॅम. याच्या ४० ग्रॅमच्या दहा वड्या होतात.

खजुरातून सुमारे १३० ग्रॅम साखर येते, बाकीच्या घटकांतून अगदी थोडी. म्हणजे एका वडीत साधारण १३ ग्रॅम, अंदाजे तीन चमचे साखर. ऊर्जा सुमारे १६० कॅलरी आणि प्रथिनं साडेचार ग्रॅमच्या आसपास.

आता प्रमाण बदलू. खजूर १२० ग्रॅम, शेंगदाणे १४० ग्रॅम, तीळ ६० ग्रॅम, ओट्स ८० ग्रॅम. वजन तेच, वड्याही तितक्याच. एका वडीतली साखर आठ-साडेआठ ग्रॅमवर येते आणि प्रथिनं सहा ग्रॅमपर्यंत जातात. पण कॅलरी मात्र १८० च्या जवळ पोहोचतात, कारण शेंगदाणे आणि तिळात जवळपास अर्धं वजन तेलाचं असतं.

हे आकडे ढोबळ आहेत, खजुराच्या जातीनुसार थोडे वर-खाली होतील. पण त्यातून मूळ मुद्दा कळतो. घरी केल्यामुळे बारमधली साखर आपोआप कमी होत नाही. ती किती ठेवायची, हे ठरवणं फक्त आपल्या हातात येतं. साखर कमी केली की कॅलरी वाढू शकतात, हेही तेव्हाच दिसतं. मधुमेह असलेल्या व्यक्तीने ‘साखर नाही’ या शब्दांवर विसंबून दोन-तीन वड्या खाल्ल्या, तर पहिल्या प्रमाणाच्या हिशेबाने २६ ते ३९ ग्रॅम साखर पोटात जाते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या सूचनांमध्ये वरून घातलेल्या साखरेसाठी दिवसाला सुमारे २५ ग्रॅमची मर्यादा सुचवली आहे. दोन्ही साखरा हुबेहूब सारख्या मोजल्या जात नसल्या, तरी अंदाज यायला ही तुलना पुरेशी आहे.

वसईची सुकेळी म्हणजे काय?

नाव सोपं आहे. सुकं केळं, म्हणून सुकेळी. वसई तालुक्यात, विशेषतः आगाशी-नंदाखालच्या पट्ट्यात ती होत आली आहे. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरमध्येही आगाशीच्या सुक्या केळ्यांचा उल्लेख आहे. साखर, मीठ, तेल, यातलं काहीही त्यात पडत नाही. घटकांची यादी लिहायची झाली, तर ती एका शब्दाची होईल.

त्यासाठी राजेळी जातीचं केळं लागतं. ते लांब, जाड सालीचं आणि घट्ट गराचं असतं. नेहमीच्या केळ्याचा गर वाळताना मऊ पडतो, राजेळीचा टिकून राहतो. पूर्ण पिकलेली केळी सोलून जमिनीपासून उंच बांधलेल्या मांडवावर उन्हात मांडतात. दिवसभर ऊन देतात, अधूनमधून उलटतात, आणि संध्याकाळी दव लागू नये म्हणून गोळा करून झाकून ठेवतात. सकाळी पुन्हा उन्हात. रात्री झाकून ठेवल्यामुळे आतला ओलावा बाहेरच्या कडक झालेल्या थरापर्यंत येतो आणि केळं एकसारखं वाळतं. असं आठवडाभर चालतं. शेवटी मधाच्या रंगाचं, चिवट आणि गोड सुकेळं तयार होतं. ते केळीच्याच वाळलेल्या पानात बांधून विकायची जुनी पद्धत आहे.

पिकलेल्या केळ्याच्या गरात साधारण तीन-चतुर्थांश पाणी असतं. वाळून ते २० टक्क्यांच्या आसपास आणायचं, तर एक किलो सुकेळीसाठी तीन किलोंहून जास्त गर लागतो. साल धरली तर केळी आणखी जास्त. वर आठवडाभराची मेहनत. सुकेळी महाग का, याचं उत्तर या हिशेबातच आहे.

आहाराच्या दृष्टीने सुकेळी ‘साखरमुक्त’ नाही. पाणी गेल्यामुळे केळ्यातली साखर कमी वजनात एकवटते. ती दातांनाही चिकटते, म्हणून खाल्ल्यावर चूळ भरणं चांगलं. पण ती अख्खी आहे, वाटलेली नाही. चावायला वेळ लागतो. आणि एक सुकेळं म्हणजे एक केळं, हे खाणाऱ्याला सरळ दिसतं. खजुराच्या वडीत नेमके किती खजूर गेले, हे तसं दिसत नाही.

मग सुकेळी मागे का पडली?

मुख्य कारण मागणीचं नाही, जमीन आणि पाण्याचं आहे. राजेळीला भरपूर गोडं पाणी लागतं आणि वाढायला वेळही लागतो. वसईच्या वाड्या विहिरींवर आणि बावखलांवर, म्हणजे पावसाचं पाणी साठवणाऱ्या तळ्यांवर जगल्या. उपसा वाढला आणि बावखलं बुजली, तसं किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी खारट होत गेलं. वाडी विकून इमारत उभी राहिली, की पैसा एका फटक्यात मिळतो. वाडी राखली, तर बागायतदाराला जास्त पाणी मागणाऱ्या राजेळीपेक्षा दुसरी पिकं परवडतात.

हा संघर्ष नवा नाही. १९९० मध्ये या भागाच्या नियोजनाचे अधिकार सिडकोकडे गेले. बांधकामांसाठी खुल्या होणाऱ्या हिरव्या पट्ट्याविरोधात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने ‘हरित वसई’चं आंदोलन उभं राहिलं. दिब्रिटो यांचं २५ जुलै २०२४ रोजी निधन झालं, पण वाड्या आणि पाण्याविषयीचे त्यांचे प्रश्न संपलेले नाहीत. २००९ मध्ये वसई-विरार महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांवर होती आणि त्यानंतरही शहर वाढतच आहे.

सुकेळी करणं हे घरातल्या अनेक हातांचं काम आहे. सोलायला, मांडायला, उलटायला, पाखरांपासून राखायला आणि अचानक आभाळ आलं तर धावत गोळा करायला माणसं लागतात. घरातली तरुण मुलं नोकरीसाठी मुंबईला जाऊ लागल्यावर हे हात कमी झाले. अवेळी पडणारा पाऊस एका दुपारीत आठवड्याची मेहनत वाया घालवू शकतो. त्यामुळे सुकेळी करणारी घरं आता मोजकी उरली आहेत. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामुळे चिकूचं नाव बाहेर पोहोचायला मदत झाली. पण मानांकन, पाकीट आणि ब्रँड हे सगळं पुढचं. मुळात वाडीत राजेळी असावी लागते.

घरी बार करताना नेमकं काय पाहावं?

शेंगदाणे, तीळ आणि ओट्स वेगवेगळे, मंद आचेवर कोरडे भाजावेत. प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा आहे. काळपट, सुरकुतलेले, बुरशी आलेले किंवा कडू लागणारे दाणे काढून टाकावेत. शेंगदाण्यावरच्या एका प्रकारच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं आणि ते भाजल्याने पूर्ण जात नाही. सगळं पूर्ण थंड झाल्यावरच खजुरात मिसळावं. गरम दाण्यांची वाफ बारमध्ये अडकली, की तो लवकर खराब होतो.

खजूर कमी घेतल्यामुळे वड्या सुटत असतील, तर मूठभर शेंगदाणे तेल सुटेपर्यंत वाटून घालावेत. चिकटपणा वाढतो, साखर वाढत नाही. मिश्रण तूप लावलेल्या ताटात वाटीने घट्ट दाबावं. सुकेळी मिळाली, तर ती न वाटता सुरीने बारीक चिरून घालावी आणि तेवढा खजूर कमी करावा. चिकूच्या सुक्या फोडीही तशाच चालतात. सुकेळी महाग पडते, त्यामुळे पूर्ण बार तिचा करण्याची गरज नाही. काही तुकडेही चव बदलतात.

टिकण्याचा प्रश्न मात्र वेगळा आहे. पदार्थात एकूण पाणी किती, यापेक्षा जंतूंना वापरता येईल असं मोकळं पाणी किती, हे महत्त्वाचं असतं. अन्नशास्त्रात ते शून्य ते एक या मापात मोजतात. ०.६ च्या खाली बुरशी आणि जिवाणू वाढत नाहीत. खजुरातली साखर पाणी धरून ठेवते, म्हणून खजूर टिकतो. पण त्याच बारमध्ये ताजं केळं, सफरचंदाचा कीस किंवा दूध घातलं, की मोकळं पाणी वाढतं आणि तो बार दोन-तीन दिवसांचा होतो. शिवाय वसईची हवा दमट. जून ते सप्टेंबर उघडा ठेवलेला बार हवेतलं पाणी ओढतो आणि चिकट होतो. त्यामुळे वडी कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात, शक्यतो फ्रीजमध्ये ठेवावी आणि आठवड्या-दोन आठवड्यांत संपवावी. खवट वास आला तर टाकून द्यावी. दाण्यांतलं तेल खराब झाल्याची ती खूण आहे.

लहान मुलांबाबत दोन गोष्टी पक्क्या आहेत. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध कोणत्याही रूपात देऊ नये, कारण त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. आणि साधारण पाच वर्षांपर्यंत अख्खे किंवा मोठे तुकडे केलेले दाणे देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकू शकतात. कूट चालतो.

घरून बार विकायचे असतील तर नियम काय?

व्हॉट्सॲप ग्रुपवर किंवा सोसायटीत विक्री केली, तरी कायद्याच्या दृष्टीने तो अन्नव्यवसायच असतो. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा आहे आणि तो ऑगस्ट २०११ पासून लागू झाला. त्याखालच्या २०११ च्या नियमांनी छोट्या व्यावसायिकांसाठी परवान्याऐवजी सोपी नोंदणी ठेवली. तेव्हा त्यासाठी वार्षिक उलाढालीची मर्यादा १२ लाख रुपये आणि शुल्क वर्षाला १०० रुपये होतं. अर्ज करण्यापूर्वी सध्याची मर्यादा आणि शुल्क एफएसएसएआयच्या ‘फॉसकॉस’ या पोर्टलवर तपासून घ्यावं. नोंदणी तिथेच होते. महाराष्ट्रात अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन करतं.

पाकिटावर पदार्थाचं नाव, वजनाच्या उतरत्या क्रमाने घटक, उत्पादकाचा पत्ता, नोंदणी क्रमांक, निव्वळ वजन, किंमत, उत्पादनाची आणि वापराची अंतिम तारीख, तसंच शाकाहाराचं हिरवं चिन्ह लागतं. या पदार्थासाठी सर्वात महत्त्वाची ओळ ॲलर्जीची. शेंगदाणे, बदाम-काजूसारखी कवचफळं, दूध, ग्लुटेन असलेली धान्यं यांचा उल्लेख असलाच पाहिजे. शेंगदाण्याची ॲलर्जी काहींच्या जिवावर बेतू शकते. जर्दाळू किंवा पिवळ्या मनुकांवर रंग टिकवण्यासाठी गंधकाची प्रक्रिया केलेली असते, तीही ठरावीक प्रमाणापुढे नमूद करावी लागते.

दाव्यांच्या बाबतीत जपून राहणं हिताचं आहे. ‘नो ॲडेड शुगर’ची अडचण वर आलीच. ‘हाय प्रोटीन’साठीही ठरावीक प्रमाण गाठावं लागतं. ‘मधुमेहींसाठी सुरक्षित’ किंवा ‘रक्त वाढवतो’ असे दावे तर टाळलेलेच बरे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी कायद्याच्या कलम ५३ मध्ये १० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. इन्स्टाग्रामची पोस्टही जाहिरातच असते. त्याऐवजी ‘गोडवा फक्त खजुराचा, एका वडीत सुमारे १३ ग्रॅम साखर’ असं लिहिलं, तर ते खरं असतं आणि ग्राहकाला उपयोगीही पडतं.

खर्चाच्या बाजूने थोडा दिलासा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या दरांत बदाम आणि खजुरावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. जून २०२० मध्ये सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत (पीएमएफएमई) कर्जाशी जोडलेलं ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत अनुदान आणि बचत गटाच्या सदस्याला ४० हजार रुपयांपर्यंत बीजभांडवल अशी तरतूद होती. ती आज कोणत्या स्वरूपात उपलब्ध आहे, याची चौकशी जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात करता येते.

पुढे काय?

पाकिटाच्या दर्शनी भागावर साखर, मीठ आणि चरबीविषयी इशारा असावा का, यावर देशात अनेक वर्षं चर्चा सुरू आहे. २०२२ मध्ये तारांकनाचा मसुदा आला, त्यावर आरोग्य संघटनांनी आक्षेप घेतला. वाईट घटकांची वजाबाकी चांगल्या घटकांनी भरून निघते आणि जंक फूडलाही बऱ्यापैकी तारे मिळू शकतात, असं त्यांचं म्हणणं होतं. जुलै २०२४ मध्ये प्राधिकरणाने एकूण साखर, मीठ आणि संपृक्त चरबीची माहिती ठळक, मोठ्या अक्षरात देण्याच्या प्रस्तावाला मान्यता दिली. ९ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या विषयावरच्या तज्ज्ञ समितीला तीन महिन्यांत शिफारशी देण्यास सांगितलं.

या वादाचा घरगुती बारशी आणि सुकेळीशी थेट संबंध आहे. इशारा ‘एकूण साखरे’वर दिला, तर खजुराचा बार, सुकेळी आणि चॉकलेटची वडी एकाच रांगेत उभी राहतील. इशारा फक्त ‘वरून घातलेल्या साखरे’वर दिला, तर खजुराची पेस्ट आणि फळांच्या रसाचा अर्क वापरून भरपूर गोड केलेला बारही कोरा करकरीत सुटेल. पहिल्या नियमात केळं वाळवणाऱ्यावर अन्याय होतो, दुसऱ्यात चलाख कंपनीचा फायदा होतो. अख्खं फळ आणि वाटलेलं फळ यांत भेद करणारी व्याख्या हा मधला मार्ग आहे. तो अवघड आहे, पण ब्रिटनच्या व्याख्येने तो शक्य असल्याचं दाखवलं आहे.

नियम येईपर्यंत घरातला वजनकाटा कामाला येतो. खजूर मोजून घ्यायचा, वड्या मोजायच्या आणि भागाकार करायचा. दिवसाला एक वडी, ती जेवणाऐवजी नव्हे तर बिस्किटांच्या पुड्याऐवजी, एवढा नियम बहुतेक निरोगी माणसांना पुरेसा आहे. वसईच्या वाडीतल्या राजेळीसाठी मात्र असा सोपा भागाकार नाही. तिला गोड्या पाण्याची विहीर, न बुजवलेलं बावखल आणि आठवडाभर उन्हाकडे लक्ष ठेवणारं घर लागतं. घरगुती आणि नैसर्गिक खाण्यासाठी जास्त पैसे मोजणारा ग्राहक आज त्याच शहरात राहतो. तो बारसाठी परदेशी खजूर शोधतो, तेव्हा विरार स्टेशनपासून काही किलोमीटरवर सुकेळी करणारं एखादं घर यंदा केळी वाळवावीत की नाहीत, याचा विचार करत असतं.